खंड गृहीत धरूनच खरीप

चाड्यावर मूठ धरण्याआधी, म्हणजे पेरणीआधी, घरातल्या कॅलेंडरवर एक ओळ लिहून ठेवावी: यंदाही पावसाचा खंड पडणार आहे. कोणत्या नक्षत्रात ते सांगता येत नाही, पण पडणार एवढं नक्की. मराठवाड्याची पावसाची सरासरी साधारण ६८० मिलिमीटर. शंभर दिवसांच्या सोयाबीनला एवढा पाऊस पुरून उरतो, फक्त तो वाटून येत नाही. २०२३ चा ऑगस्ट हा देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला आणि आपलं सोयाबीन नेमकं फुलोऱ्यात आणि शेंगांत होतं. पुढे २०२५ च्या सप्टेंबरात याच मराठवाड्यात नद्या शेतांतून वाहिल्या आणि कित्येकांची माती खरवडून घेऊन गेल्या. एकाच वावराने दोन्हींची तयारी ठेवायची, तीही एकाच पेरणीत.

खंडाने पीक जळतं, हे सगळेच बोलतात. खंड संपला की जी घाई सुटते तिच्यात माणसं जातात, हे फारसं कुणी बोलत नाही. तुंबलेली फवारणी एका दिवसात उरकायची असते, रात्री वीज आली की अंधारात मोटारीकडे पळायचं असतं, ढग दिसले की रातोरात मळणी काढायची असते. म्हणून पिकाचं आणि माणसाचं इथे एकत्रच लिहिलं आहे.

शंभर दाणे

सोयाबीनचं साल पातळ असतं आणि कोंब सालाला लागूनच असतो. पोतं ट्रॉलीतून आपटलं, थप्पी उंच लावली, मळणी जास्त वेगाने केली की दाणा वरून धडधाकट दिसतो आणि आतून मेलेला असतो. म्हणून बियाणं घरचं असो की पिशवीतलं, उगवण घरी तपासायचीच.

पोत्याच्या वरून, मधून आणि तळातून मूठ-मूठ काढा आणि न निवडता शंभर दाणे मोजा. निवडून घेतले तर तपासणीला अर्थ राहत नाही. वर्तमानपत्राच्या कागदाला चार घड्या घालून तो भिजवा, पाणी निथळू द्या, त्यावर दहा दाणे अंतरा-अंतराने मांडून सुरळी करा. अशा दहा सुरळ्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून चार दिवस सावलीत ठेवा. मग उघडून मोजा. नुसता फुगलेला दाणा उगवलेला धरू नका. वाकडा, तुटका किंवा बुरशीत बुडालेला कोंबही सोडून द्या. सरळ, निरोगी कोंब सत्तर निघाले तर एकरी ३० किलो बियाणं पुरतं. साठ निघाले तर ३५ किलो लागेल. पन्नासवर हिशोब ४२ किलोवर जातो, तिथे बियाणंच बदललेलं बरं. जास्त पेरून कमी उगवण भरून निघते हे खरं, पण कमी उगवणीच्या बियाण्यातली जी रोपं वर येतात तीही दमानेच वाढतात.

बीजप्रक्रियेचा क्रम चुकला की खर्च वाया जातो. आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, शेवटी जिवाणू खत. कार्बोक्झिन अधिक थायरम किलोला ३ ग्रॅम, म्हणजे ३० किलोला ९० ग्रॅम. खोडमाशीसाठी थायमिथॉक्झाम ३० एफएस किलोला १० मिली, म्हणजे ३०० मिली. ते सावलीत सुकलं की पेरणीच्या तोंडावर रायझोबियम, १० किलोला २५० ग्रॅम. जिवाणू आधी लावून वर औषध चोळलं तर जिवाणूच मरतात. पाणी अगदी बेताचं वापरा. सोयाबीन फुगलं की साल सुटतं. हाताने रगडू नका, ताडपत्रीची चार टोकं धरून घोळवा नाहीतर फिरता ड्रम वापरा. हातमोजे घालाच. प्रक्रिया केलेलं उरलेलं बियाणं कोंबड्यांना टाकू नका आणि धुऊन मोंढ्यावर विकायलाही नेऊ नका.

पेरते व्हा, पण कधी

कृषी विद्यापीठाची शिफारस ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावर पेरा अशी आहे. हा आकडा कुठून येतो हे कळलं की तो पाळणं सोपं जातं. उन्हाळ्यात भारी काळ्या रानाला हात हात खोल भेगा पडतात आणि पहिले दोन-तीन पाऊस त्या भेगांतच जातात. वरचा चार बोटांचा थर ओला दिसतो, त्याखाली राख असते. त्या चार बोटांत बी उगवतं, आठ दिवस ऊन पडलं की मुळाला खाली ओल सापडत नाही आणि दुबार पेरणीची पाळी येते.

म्हणून नुसत्या पावसाच्या आकड्यावर विसंबू नका, खुरप्याने नाहीतर पहारीने वीतभर खोल उकरून बघा. वीतभर खालची माती मुठीत दाबून तिचा लाडू करा आणि कमरेच्या उंचीवरून टाका. फुटला तर वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, आहे. चिकटून राहिला तर रान अजून ओलं आहे. लाडूच झाला नाही तर घरी जा. शेजाऱ्याचं पेरणीयंत्र सुरू झालं की दम निघत नाही हे मान्य, पण त्याचं रान बरड, म्हणजे हलकं मुरमाड, असेल आणि तुमचं भारी, तर दोघांचा मुहूर्त एक कसा असेल?

खोली ३ ते ४ सेंटिमीटर, त्याहून खाली नको. सोयाबीन दाण्याच्या दोन्ही डाळी डोक्यावर घेऊन वर येतं. पेरल्यावर जोराचा पाऊस होऊन वर पापडी धरली आणि बी खोल गेलेलं असलं की मान मोडते. ट्रॅक्टरवाल्याचे पैसे एकरावर ठरलेले असतात, तो वेगात हाकणार. पहिल्या दोन तासांनंतर यंत्र थांबवून चार ठिकाणी उकरून दाणे बघा. फणाखालची नळी मातीने चोंदली असेल तर अख्खी ओळ रिकामी जाते आणि ते आठवड्याने कळतं.

दोन ओळींत ४५ सेंटिमीटर, दोन रोपांत ५. रुंद वरंबा सरीचं यंत्र मिळत असेल तर त्यानेच पेरा, कारण पावसाच्या दोन्ही तऱ्हा सांभाळणारी याहून स्वस्त पद्धत दिसत नाही. वरंब्यावर पीक आणि दोन्ही बाजूंना सरी. कमी पावसात पाणी सरीत मुरतं, जास्त झालं की सरीतून निघून जातं, मुळं गुदमरत नाहीत. यंत्र नसेल तर चार ओळींनंतर पाचवी ओळ मोकळी सोडून पट्टा पेरा आणि पीक महिन्याचं झालं की त्या मोकळ्या जागेत बळीराम नांगराने सरी पाडा. पेरणी उताराला आडवी हवी, हे लहानपणापासून ऐकत आलो तरी ट्रॅक्टर वळवायला सोपं म्हणून निम्मी रानं अजूनही उताराने पेरली जातात.

नुसतं सोयाबीन पेरणं हा खंडाच्या मुलखातला जुगार आहे. चार ओळी सोयाबीन, दोन ओळी तूर असं धरलं तर सोयाबीन गेलं तरी तूर उभी राहते. तिचं सोटमूळ खाली जातं आणि तिला फुलं येईपर्यंत ऑगस्टचा खंड मागे पडलेला असतो. वाण रानाप्रमाणे निवडा. हलक्या-मध्यम रानात बदनापूरची बीडीएन ७११ लवकर मोकळी होते. बीएसएमआर ७३६ सारखी उशिराची तूर भारी, ओल धरणाऱ्या रानासाठी आहे. बरडावर ती शेंगा भरायच्या वेळीच वाळते.

पाऊस लांबला तर? मूग-उडीद जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंतच. त्यानंतर पेरलेला मूग दाण्यापेक्षा मावा आणि भुरीच जास्त देतो. सोयाबीन जुलैच्या मध्यापर्यंत. त्याच्या पुढे बाजरीत तूर, सूर्यफूल, एरंडी. ऑगस्ट लागला की तूर, सूर्यफूल, एरंडी एवढंच उरतं. त्यापुढे रान मोकळं ठेवून, वखराच्या पाळ्या देऊन शाळूसाठी, म्हणजे रब्बी ज्वारीसाठी, ओल साठवणं हेही शेतीचंच काम आहे. रान रिकामं दिसलं म्हणजे माणूस आळशी, ही समजूत महागात पडते.

खताचा हिशोब थोडक्यात. सोयाबीनला एकरी १२ किलो नत्र, २४ किलो स्फुरद, १२ किलो पालाश. डीएपीची एक गोणी आणि २० किलो म्युरेट ऑफ पोटॅश टाकलं की जवळपास भागतं, मात्र गंधक ८ किलो वेगळं द्यावं लागतं. सिंगल सुपर फॉस्फेटच्या तीन गोण्या घेतल्या तर स्फुरदाबरोबर गंधकही त्यातच येतं, मग पोटॅशबरोबर २६ किलो युरिया पुरतो. सोयाबीन पिवळं पडलं म्हणून नंतर युरिया फेकायची सवय मात्र सोडा. पीक पसरतं, पानं लुसलुशीत होतात आणि खंडात तेच आधी माना टाकतं.

खंड पडल्यावर

पीक दुपारी दोनला माना टाकतं त्याने घाबरून जाऊ नका, उन्हात पान मिटून घेणं ही त्याची रीतच आहे. सकाळी दहाला बघा. सकाळीच पानं उलटी होऊन पांढरट बाजू दिसायला लागली, की खालची ओल संपत आली.

पहिलं हत्यार कोळपं. एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी, असं म्हणतात ते उगाच नाही. काळी माती सुकताना आकसते, भेगा पडतात आणि त्या भेगांतून खालची ओल उडते. कोळप्याने वरचा दोन बोटांचा थर भुसभुशीत झाला की भेगा बुजतात. पहिली कोळपणी पंधरा-वीस दिवसांनी, दुसरी महिन्याच्या आसपास. उपटलेलं तण बांधावर नेऊन टाकू नका, ओळींमध्येच आच्छादन म्हणून पसरा. बी धरलेलं तण तेवढं बाहेर काढा. फुलं लागल्यावर मात्र कोळपं बंद. तेव्हा पांढरी मुळं ओळींच्या मधोमध पोहोचलेली असतात, ती तुटतात आणि फूल गळतं. नेमकं त्याच वेळी खंड असतो आणि हात शिवशिवतात, हे खरं.

दुसरं, पोटॅशियम नायट्रेटची फवारणी. १३:००:४५ हे खत १० लिटर पाण्याला १०० ग्रॅम. पालाशामुळे पानांवरची छिद्रं आवरली जातात आणि पीक चार दिवस तगून राहतं. चार दिवसच, हे लक्षात असू द्या. फवारणी सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर, पान ताठ असताना. माना टाकलेल्या पिकावर दुपारी फवारलं तर पानांच्या कडा करपतात. याच टाकीत कीटकनाशक, बुरशीनाशक आणि वर कसलं तरी टॉनिक घालून ‘एकाच फेरीत सगळं’ करू नका. ताणातल्या पिकाला असली खिचडी सोसत नाही.

तिसरं, संरक्षित पाणी. ज्याच्याकडे शेततळं आहे त्याने हिशोब कागदावर मांडावा. ३० बाय ३० मीटर, ३ मीटर खोल आणि बाजूंना एकास एक उतार असलेलं तळं काठोकाठ भरलं तर त्यात २,१९६ घनमीटर, म्हणजे सुमारे २२ लाख लिटर पाणी मावतं. एक एकरावर ५० मिलिमीटर पाणी द्यायला दोन लाख लिटर लागतात. म्हणजे तळ्यात फार तर अकरा एकरांचं एक पाणी आहे, उडून जाणारं धरलं तर आठ-नऊ. पाच एकरवाल्याला ते दीड वेळा पुरेल. एकदाच देता येणार असेल तर ते फुलोऱ्यात संपवू नका, शेंगा भरताना द्या. फुलं गळाली तरी सोयाबीन पुन्हा थोडी धरतं. शेंगेतला दाणा चपटा राहिला तर त्याला दुसरी संधी नसते.

पाणी तुषार संचानेच द्या. भेगाळलेल्या रानात मोकाट सोडलेलं पाणी भेगेत शिरतं आणि शेवटच्या ओळीपर्यंत पोहोचतच नाही. तुषार किती तास चालवायचा, हे ‘तिकडचं भिजलं वाटतं’ यावर ठरवू नका. एका तोटीवर नळीचा तुकडा बसवून पाणी बादलीत घ्या. १५ लिटरची बादली ३० सेकंदांत भरली तर तासाला १,८०० लिटर. तोट्या १२ बाय १२ मीटरवर असतील तर एका तोटीच्या वाट्याला १४४ चौरस मीटर येतात, म्हणजे तासाला साडेबारा मिलिमीटर. चार तासांत ५० झाले, पाईप उचला. बादली भरायला ४५ सेकंद लागत असतील तर सहा तास. वारं जास्त असेल तर दुपारी चालवूच नका.

तळं, विहीर, डीपी

प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्याचा काठ शेवाळाने साबणासारखा होतो. पट्टीचा पोहणारासुद्धा बाहेर येऊ शकत नाही, कारण हाताला धरायला काहीच नसतं. चारही बाजूंनी कुंपण हवं. आणि प्रत्येक बाजूला काठावरच्या पक्क्या खुंटीला बांधलेला, हातभर अंतरावर गाठी मारलेला जाड दोर थेट तळापर्यंत सोडलेला हवा. ट्रॅक्टरची जुनी ट्यूब हवा भरून तिथेच लटकवून ठेवा. सगळं मिळून तळ्याच्या खर्चाच्या मानाने चिल्लर आहे, तरी दहांतल्या आठ तळ्यांवर ते दिसत नाही. एक जण बुडताना दिसला की दुसरा उडी मारतो आणि दोघेही जातात. आधी दोर आणि ट्यूब, उडी नाही.

विहिरीचं पाणी खाली गेलं की डिझेल किंवा पेट्रोलचं इंजिन विहिरीत उतरवण्याची कल्पना सुचते. ते करूच नका. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वास नाही आणि खोल विहिरीत तो कोंडून राहतो. पेटता कंदील सोडून बघायची जुनी रीत प्राणवायू कमी आहे का एवढंच सांगते. कार्बन मोनॉक्साइड असला तरी कंदील जळत राहतो. खाली उतरलेला माणूस बोलेनासा झाला तर दोर न बांधता दुसऱ्याने उतरू नये. बुडीत मोटार नाहीतर काठावर इंजिन, एवढेच दोन पर्याय ठेवा.

रात्रीच्या विजेचं रडगाणं गाऊन झालं असेल तर स्टार्टरच्या पेटीकडे बघा. पेटी पत्र्याची असते आणि तिची अर्थिंगची तार बहुतेक ठिकाणी तुटलेली किंवा नुसतीच मातीत खोचलेली असते. अर्थिंगचा खड्डा कोळसा आणि मिठाचे थर देऊन भरलेला हवा आणि उन्हाळ्यात त्यात पाणी ओतत राहावं, कारण कोरड्या खड्ड्यातलं अर्थिंग काम करत नाही. पायाखाली कोरडी लाकडी फळी, पायात रबरी बूट. डीपीवरचा, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरचा, फ्यूज गेला तर वायरमनलाच बोलवा, काठीने वर सारायचा नाही.

रबरी बूट आणि बॅटरी सापासाठीही लागतात. घोणस चावली तर आग होते, सूज येते, माणूस लगेच धावतो. मण्यार रात्री चावते आणि दुखत नाही, काही चावलं हेही कळत नाही. पहाटे पोट दुखतं, पापण्या जड होतात, जीभ अडखळते. आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या झोपडीत, जमिनीवर झोपू नका, खाट आणि चारही बाजूंनी खोचलेली मच्छरदाणी पुरते. चावल्यावर चिरायचं नाही, चोखायचं नाही, करकचून बांधायचं नाही. हात किंवा पाय फळीला बांधून स्थिर ठेवा आणि माणसाला चालायला न लावता जवळच्या सरकारी दवाखान्यात न्या. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर एकच प्रतिविष चालतं, त्यामुळे साप मारून सोबत न्यायची गरज नसते.

फवारणीची घाई

२०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसं गेली. डोक्याच्या वर गेलेली कपाशी, उकाडा, अंगभर उडणारा बारीक फवारा आणि घट्ट केलेलं औषध हे सगळं तिथे एकत्र आलं होतं. या चारही गोष्टी ऑक्टोबरात मराठवाड्याच्या कुठल्याही कपाशीत सापडतील.

औषध घट्ट का होतं? शिफारशीत ‘१० लिटरला इतके मिली’ असं लिहिलेलं असतं ते पाठीवरच्या साध्या पंपाचं. साध्या पंपाने हेक्टरी ५०० लिटर पाणी जातं. पेट्रोलवर चालणाऱ्या पॉवर पंपाने त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढंच पाणी लागतं, म्हणून तिथे प्रमाण तिप्पट सांगतात. एकरी औषध दोन्हीकडे तेवढंच. आता चार्जिंगच्या पंपाला लोक ‘पॉवर’ म्हणतात आणि त्यातही तिप्पट घालतात. चार्जिंगच्या पंपाने पाणी साध्या पंपाएवढंच जातं, म्हणजे एकरी औषध खरोखरच तिप्पट पडतं. ट्रॅक्टरवरच्या पाइपाच्या फवाऱ्यालाही तेच. शंका असेल तर नुसतं पाणी भरून दहा गुंठे फवारून बघा, किती लिटर गेलं ते मोजा आणि मग ठरवा.

आणि टाकी १६ किंवा २० लिटरची असते, १० ची नाही. १० लिटरला ४ मिली म्हणजे १६ लिटरला साडेसहाच्या आत. बाटलीचं बूच हे माप नव्हे, मोजपात्र घ्या. नोझल चोंदली की तोंडाने फुंकायची सवय इतकी मुरलेली आहे की खिशात जुना दात घासायचा ब्रश ठेवणं हाच त्यावरचा उपाय. वाऱ्याकडे पाठ करा, पूर्ण बाह्यांचा सदरा, मास्क आणि चष्मा घाला. गळका पंप असेल तर त्या दिवशी काम बंद, कारण पाठीवरून झिरपणारं औषध कातडीतून आत जातं आणि घामाने छिद्रं उघडी असताना जास्तच. तंबाखू मळायची ती हात साबणाने धुतल्यावर. डब्यावरचा त्रिकोण लाल किंवा पिवळा असेल तर ते औषध कमी विषारी पर्याय नसेल तरच आणा.

चक्कर आली की ‘ऊन लागलं’ म्हणून सावलीत झोपवतात, यात वेळ जातो. डोळ्यांत बघा. बाहुली टाचणीच्या टोकाएवढी बारीक, तोंडाला लाळ, दरदरून घाम, पोटात कळ, अंग फडफडणं, ही ऑर्गेनोफॉस्फेट औषधाची लक्षणं आहेत. भिजलेले कपडे काढा, साबणाने अंग धुवा, उलटी करवू नका, कुशीवर निजवा आणि औषधाचा डबा लेबलासकट दवाखान्यात न्या. डबा बघूनच डॉक्टरला ॲट्रोपीन द्यायचं की नाही ते चटकन ठरवता येतं. ‘कोणतं तरी पांढरं औषध होतं’ एवढ्यावर त्यांनी काय करायचं?

काढणी

सोयाबीनची पानं गळून शेंगा पिवळ्या-तांबूस झाल्या की काढा. पूर्ण वाळायची वाट बघितली तर ऑक्टोबरच्या उन्हात शेंगा तडकतात. बनीम, म्हणजे कापलेल्या पिकाचा ढीग, उंचवट्यावर लावा, खाली धसकटांचा थर, वर ताडपत्री.

मळणी यंत्र, म्हणजे आपला हडंबा, हात नेतो तो पेंढी सारायच्या तोंडाशी. मानकाप्रमाणे हे तोंड निदान ९० सेंटिमीटर लांब हवं आणि त्यातलं आतल्या बाजूचं ४५ सेंटिमीटर वरून झाकलेलं, म्हणजे हात दातांपर्यंत पोहोचतच नाही. पुष्कळ यंत्रांचं हे झाकण ‘माल लवकर जात नाही’ म्हणून कापून टाकलेलं असतं. असं यंत्र रानात घेऊ नका. पदर खोचलेला, उपरणं काढून ठेवलेलं, सैल बाह्या नकोत. ट्रॅक्टरपासून येणाऱ्या फिरत्या दांड्यावर आवरण नसेल तर तो ओलांडून जाणाऱ्याचं धोतर नाहीतर साडी क्षणात गुंडाळली जाते. पेंढी अडकली तर आधी ट्रॅक्टर बंद, ड्रम थांबेपर्यंत थांबा, मग हात. सलग रात्रपाळी करणाऱ्या टोळीत पेंढी सारणारा माणूस दर तासाला बदला. बियाण्यासाठी मळत असाल तर ड्रमचे फेरे मिनिटाला ३५० ते ४०० च्या पुढे नेऊ नका.

याच दिवसांत परतीच्या पावसाच्या विजा. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेचं ‘दामिनी’ ॲप तुमच्या भोवतालच्या विजा दाखवतं, ते मुकादमाच्या फोनमध्ये असू द्या. चमक दिसल्यापासून आवाजापर्यंत सेकंद मोजा. तिसांच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, काम थांबवा. झाड नको, उघडी पत्र्याची शेड नको, उघडा ट्रॅक्टर नको. पक्कं घर किंवा बंद काचांची गाडी. काहीच नसेल तर पाय जुळवून उकिडवं बसा, आडवं पडू नका, एकमेकांपासून लांब राहा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबायचं.

अपघात झालाच तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत मृत्यूला दोन लाख रुपये मिळतात. वीज, साप, विजेचा धक्का, बुडणं, विषबाधा हे सगळं त्यात बसतं. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे, तीस दिवसांच्या आत. अडतं ते कागदावर. दुःखात ‘चिरफाड नको’ म्हणून शवविच्छेदन टाळलं जातं, पोलिसांचा पंचनामा होत नाही आणि मग कारण सिद्धच करता येत नाही.

सोयाबीन निघाल्यावर रब्बीचा निर्णय पुन्हा खुरप्यानेच घ्यायचा. हरभरा सोयाबीनसारखा नाजूक नाही, तिफणीने ७ ते १० सेंटिमीटर खोल पेरला तरी वर येतो. तेवढ्या खोलीवर माती मुठीत बांधली जात असेल तर त्याच आठवड्यात पेरा, थंडीची वाट बघू नका. बांधली जात नसेल आणि विहिरीत एका पाण्याचीही सोय नसेल, तर बियाण्याची पिशवी फोडू नका.